चुलीतली धोटी

तांब्याभर गार पाणी चुलीत आदळलं आणि राखेचा ढग स्वयंपाकघरभर झाला. त्या ढगातून धोटी बाहेर आली. पळाली नाही. आधी पुढचे पाय काढले, मग थांबली, मग मागचे एकेक करून ओढून घेतले. अंगावर राखेचा चिखल, मिशा खाली चिकटलेल्या.

"बघा, कशी ऐटीत निघाली," मामंजी म्हणाले. ते नुकते आंघोळ करून आले होते, ओल्या पंच्यावर. "महाराणी. सकाळच्या पारी चुलीत मांजर. घराचं वाटोळं व्हायला आणखी काय लागतं?"

"थंडी आहे हो," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

"थंडी मलाही आहे. मी शिरलो का चुलीत?"

आत्याबाई माझ्या सासूबाई. ओल्या चुलीतली ओली राख उपसायला बसल्या. त्या दिवशी चूल धरेचना. धूर आणि नुसता धूर. फुंकणीनं फुंकून फुंकून त्यांचे डोळे लाल झाले, आणि पडवीतून मामंजींचा आवाज आला, "चहा व्हायचाय का आज?"

या गोष्टीला कितीतरी हिवाळे होऊन गेले. तरी अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चूल विझू नये म्हणून चुलीत पाणी ओतणारा माणूस मी त्या घरात पाहिला, आणि त्याला सगळे जाणता म्हणत.

मी लासलगावची, लग्न होऊन येवल्यात आलेली. सासरी पैठणीचे दोन माग. एकावर मामंजी बसायचे, दुसऱ्यावर हे, म्हणजे माझे यजमान, दिगंबर. माग जमिनीत खणलेला, विणणाऱ्यानं खड्ड्यात पाय सोडून बसायचं. आत्याबाई रहाटावर रेशीम गुंडाळून कांड्या भरायच्या, मी हाताखाली. डोक्यावर लाकडी माळा, त्यावर रेशमाच्या लडी. आणि जिथं रेशीम तिथं उंदीर. त्यांना रेशीम खायचं नसतं, पिल्लांना गादी करायची असते, पण त्यांच्या गादीपायी आमचे महिन्यांचे कष्ट जातात. म्हणून विणकराच्या घरी मांजर ही हौस नसते, ती घरातली एक कामकरीण असते.

तिचं नाव धोटी. विणताना आडवा धागा घेऊन धोटा कसा या काठापासून त्या काठापर्यंत सळ्ळकन जातो, तशी ती जायची म्हणून. मी घरात आले तेव्हा उन्हाळा होता. ती जमिनीवरून मागाच्या आडव्या लाकडावर, तिथून एका झेपेत माळ्यावर. पानसुद्धा हलायचं नाही. मी नवी, घरात बोलायला कुणी नाही, तर हीच माझी मैत्रीण. दुपारी मी शेल्याचं टोक हलवायची आणि ती हवेत उलटी होऊन ते पकडायची. हे मागावरून बघून गालात हसायचे. आमच्यात तेव्हा एवढंच बोलणं होतं.

मार्गशीर्ष लागला आणि थंडीनं दात दाखवले. आमच्याकडची थंडी कोरडी, जमिनीतून वर येणारी. पहाटे अंगणातल्या बादलीत हात घालवत नसे. धोटीची झेप आधी आखूड झाली, मग थांबली. माळ्याकडं बघायची, मागचे पाय गोळा करायची, अंग तोलायची, आणि मग जणू काही आठवलं म्हणून दुसरीकडंच चालू लागायची. बसली की उठायला वेळ. पाठीचा मागचा भाग चाटायचं सोडलं, तिथले केस गुंतले. आणि रात्रीची चूल विझली की ऊब शोधत थेट राखेत.

तिथंच घात झाला. चुलीत मांजर निजलं म्हणजे त्या घरी अन्न शिजत नाही, असं म्हणतात. दारिद्र्य आलेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून तिच्यात मांजर निजतं. मामंजींनी ते उलटं धरलं होतं. मांजर निजतं म्हणून दारिद्र्य येतं. त्यांच्या लहानपणी त्यांच्या बापाचा माग बंद पडला होता म्हणे, आणि त्या दिवसांत चुलीत मांजर होती. पोराच्या डोळ्यांनी मांजर पाहिली, दुष्काळ त्याच्या डोळ्यांत मावला नाही. तेव्हापासून रोज आंघोळ झाली की देवाआधी चूल बघायची. मांजर दिसली की तांब्या रिकामा.

मी लपूनछपून धोटीला पुसायची. एकदा मी पहाटे स्वयंपाकघरात गेले तर आत्याबाई चुलीपुढं वाकून बसलेल्या, आत हात घालून तिला खाजवत होत्या. "ऊठ गं माझे आई. ते यायच्या आत ऊठ. आपल्याला वेळ लागतो, म्हणून आधीपासून उठायला लागावं."

मला पाहून त्यांनी हात काढून घेतला. "राख उपसत होते," म्हणाल्या. मग मलाच दटावलं, "उभी काय राहिलीस? माळ्यावरून हिरवी लड काढून आण."

ही त्यांची नवीन सवय. सकाळपासून माझं माळ्यावर चढणं-उतरणं. हिरवी आण, जांभळी ठेव, नको, हिरवीच राहू दे. शेजारच्या यमूवन्सं कुंपणावरून म्हणायच्या, "सून आली आणि मथुराबाईंना सिंहासन मिळालं. बसल्या जागी हुकूम." मला ते ऐकून वाईट वाटायचं, पण खोटंही वाटायचं नाही. आत्याबाई रहाट फिरवत स्वतःशी गुणगुणत असायच्या:

*कळ निघे गुडघ्यात, बाई बोलून दावू कशी*
*उंबऱ्याच्या आत माझी, चाल ठेविते होती तशी*

माझ्या माहेरी जात्यावर अशा शेकडो ओव्या. दळणाला ओवी लागते, तशी रहाटालाही लागत असेल, एवढंच मनात आलं.

एका दुपारी हळदीकुंकवाचं निमित्त काढून मी गुरांच्या दवाखान्यात गेले, धोटी टोपलीत पदराखाली. डॉक्टर सोनटक्के एका गाईच्या खुराशी बसले होते. मान वर न करता म्हणाले, "म्हैस की गाय?"

"मांजर."

आता त्यांनी मान वर केली, टोपलीत डोकावून पाहिलं. "विणकराकडची दिसते. रेशमाचे धागे आहेत नखांत." हात धुऊन त्यांनी तिला टेबलावर घेतलं. मागचा पाय हळूच दुमडला. धोटीनं कान मागं पाडले, पण तोंडातून आवाज नाही.

"सांधे आखडलेत. वय झालंय, त्यात थंडी. ओली होते का?"

मी टोपलीकडं बघत म्हटलं, "होते."

"होऊ द्यायची नाही. कोरडी, उबेची जागा द्या, वाऱ्याच्या वाटेत नको. खोकं, त्यात पोतं, जुनी गोधडी. उंच उडी एकदम नको, मधे पायरी करून द्या. पण बसवूनही ठेवू नका, रोज थोडं थोडं खेळवा, अंग मोकळं राहील. दूध पाजून जाड करू नका, तो भार पायांवरच येतो. आणि माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही नाही. त्यानं मरेल ती."

"डॉक्टर, एवढं दुखतं तर ती ओरडत का नाही?"

ते हसले. "मांजर दुखणं दाखवत नाही, बाई. दुबळं दिसलं की दुसरं कुणी येऊन खातं, हे त्यांना पोटातूनच ठाऊक. ते फक्त उडी मारायचं सोडतं. आणि बघणारे म्हणतात, आळशी झालं."

रात्री पानं वाढताना मी धीर करून सांगितलं. मामंजींचा घास हातात राहिला.

"मांजरीला सांधेदुखी?"

"हो. डॉक्टर म्हणाले, थंडीत..."

"दिगंबरा, ऐकलंस? उद्या बाजारातून एक काठी आण तिला. चश्माही बघ जमला तर." स्वतःच्याच विनोदावर ते खोकेपर्यंत हसले. "अगं, दूध पाजून पाजून तू तिला माजवलीस. मांजर उपाशी असेल तर उंदीर धरते. उद्यापासून तिचं वाढणं बंद."

यजमानांनी भाताचं शीत बोटानं इकडून तिकडं केलं. बापापुढं त्यांच्या तोंडात जीभ नसायची.

म्हणजे आता भिजलेली आणि उपाशी. आणि या हालांत तिनं झेप घेऊन माळ्यावरचा उंदीर धरायचा. मी माझ्या पानातली अर्धी भाकरी ओच्यात बांधायची नि न्हाणीघरामागं तिला घालायची. माझा जीव जळायचा. बोलायची सोय नव्हती, माझी तर अजून पहिली संक्रांतही व्हायची होती.

आणि मग संक्रांतीच्या तोंडावर व्हायचं ते झालं. सकाळी मामंजींनी मागावरचं फडकं काढलं आणि तसेच उभे राहिले. एका लग्नाच्या पैठणीचा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर होता, पदरावरचे मोर पुरे होत आलेले. काठाजवळचे धागे कुरतडलेले, लोंबत होते. उंदीर माळ्यावरून उतरून पोटभर गादी घेऊन गेला होता. तुटलेला धागा सांधायला मामंजींसारखा हात येवल्यात नव्हता, पण इतके धागे म्हणजे दुसरा जन्म.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "झालं? आली ना अवदसा? चुलीत निजत होती तेव्हा कुणी ऐकलं नाही. दिगंबरा, उद्या उजाडता हिला पोत्यात घाल. पुलापल्याड सोडून ये."

आमच्याकडं मांजर मारत नाहीत. मारलं तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, एवढं मोठं पाप. म्हणून सोडतात. पोत्यात घालून तोंड बांधायचं, वाट कळू नये म्हणून पोतं गोल गोल फिरवायचं, आणि पाण्यापलीकडं, कडाक्याच्या थंडीत, कुत्र्यांच्या गावात टाकून यायचं. यात पाप नाही. मेली तर ती तिच्या कर्मानं. कुणी शोधून काढली असेल ही पळवाट, त्याला माझा दंडवत.

"मामंजी," मी म्हणाले, "ती आजारी आहे."

"म्हणूनच. आजारी मांजर काय पूजेला ठेवायची?"

दुसऱ्या दिवशी भोगी. पौषातला तो दिवस म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सगळ्या शेंगा-वांगी-गाजरांची भाजी, खिचडी, लोण्याचा गोळा. न खाई भोगी तो सदा रोगी. सकाळी यजमानांनी सायकलच्या मागं पोतं बांधलं. माझ्याकडं बघितलं नाही. पोत्यातून एक पंजा बाहेर आला होता, तो त्यांनी बोटानं आत केला. फार हळू केला, हे मला दिसलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. एवढं कळतं तर करतोस कशाला?

सायकल गेली. मी स्वयंपाकघरात आले. चुलीतली राख काढली, शेणानं चूल सारवली, वर रांगोळीचं बोट ओढलं. परात, पीठ, तीळ, निवडलेली भाजी, सगळं मांडून ठेवलं. आणि चुलीपुढं मांडी घालून बसले.

ऊन पडवीत आलं. यजमान परतले, सायकल भिंतीला लावली. पोतं रिकामं. मामंजी पूजा आटोपून, तांब्या हातात घेऊन दारात आले.

"सूनबाई, चूल का नाही पेटली?"

"वाट बघते आहे."

"कुणाची?"

"चुलीची. मांजर निजल्यानं चूल विझते ना, मामंजी? आता मांजर नाही. मग पेटेल की ती आपली आपण."

त्यांना क्षणभर कळलंच नाही. मग मान लाल झाली. "भोगीच्या दिवशी माझ्या घराची चूल थंड ठेवतेस?"

"मी नाही ठेवली. मी तर सारवून ठेवलीय, बघा. पाणीही ओतलेलं नाही आज कुणी."

"दिगंबरा, हिला लासलगावच्या गाडीत बसवून दे."

यजमान दारात उभे होते. त्यांनी चप्पल घातली नाही. काढलीही नाही. मी उठले नाही. हलव्याचे दागिने माझ्यासाठी कपाटात तयार होते, काळ्या चंद्रकळेची घडी मोडायची होती, आणि मी माहेरच्या वाटेवर. तर तसं. पण त्या चुलीला मी काडी लावणार नव्हते.

"ठीक आहे," मामंजी म्हणाले. "मथुरे, तू पेटव."

आत्याबाई रहाटापाशी होत्या. मी या घरात आल्यापासून नवऱ्याचा शब्द त्यांनी खाली पडू दिलेला पाहिला नव्हता. त्यांनी हातातली कांडी ठेवली. एक हात जमिनीवर टेकला, अंग उचललं आणि परत बसल्या. रोज त्या भिंत धरायच्या, कुणाचं लक्ष नसताना उठायच्या, उठल्यावर थोडं थांबून पदर सारखा करायच्या. त्या दिवशी भिंत हाताशी असून त्यांनी धरली नाही.

"मला उठवत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय?"

"उठवत नाही म्हणजे उठवत नाही. मागच्या हिवाळ्यापासून. माळ्यावर चढवत नाही म्हणून पोरीला चढवते, नि गाव म्हणतं मथुरा सासुरवास करते. म्हणू दे. धोटीला निदान चुलीत जाऊन बसायचं सुचलं. मला बाई तेवढंही जमलं नाही." मग लेकाकडं वळून, अगदी रोजचं काम सांगावं तशा आवाजात, "दिगंबरा, पोतं कुठं ठेवलंस? झटकू नकोस. मलाही त्यातच घाल आणि पुलापल्याड सोडून ये. गोल फिरवायला विसरू नको हो, नाहीतर वाट सापडेल मला."

बाहेर यमूवन्संच्या अंगणात तीळ भाजल्याचा वास सुटला होता.

मामंजींच्या हातात पूजेचा तांब्या तसाच होता. ते म्हणाले, "मथुरे, बोलली नाहीस कधी."

"बोलले असते तर," आत्याबाई म्हणाल्या, "तांब्या होताच की तुमच्या हातात."

यजमानांनी पोतं उचललं. "मी जाऊन येतो," म्हणाले. परवानगी मागितली नव्हती, सांगितलं होतं. सायकलची घंटा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली.

ते येईपर्यंत घरात तिघंही उपाशी होतो. मामंजी मागाच्या खड्ड्यात उतरून बसले, पण माग चालला नाही. आत्याबाईंनी रहाट फिरवला नाही. मी चुलीपुढून उठले नाही. मला राहून राहून वाटत होतं, कुत्र्यांनी फाडली असेल, ट्रकखाली गेली असेल. तशी ती आली तर मी या घरात काय म्हणून राहायचं, याचाच मी विचार करत होते.

उन्हं कलायला लागली तेव्हा सायकल आली. पोत्याला या वेळी तोंड बांधलेलं नव्हतं. आतून धोटीनं डोकं काढलं आणि आमच्याकडं असं पाहिलं, जणू उशीर आम्हीच केला होता.

"पुलापल्याड वीटभट्टी आहे," हे म्हणाले. मग जरा अडखळून, "सकाळी तिथंच सोडली होती. भट्टीला ऊब असते म्हणून."

"मग वेळ का लागला?" मामंजींनी विचारलं.

"सापडेना. खाली शोधत बसलो. आणि ही भट्टीच्या माथ्यावर."

"माथ्यावर?"

"पार वर. खालून विटांची चळत, तिथून वरची, तिथून वर. भट्टीवाला म्हणाला, दुपारी उडी मारली. विटा गरम होत्या ना. खाली यायलाच तयार नव्हती."

मामंजींनी धोटीच्या मागच्या पायांकडं पाहिलं. त्यानंतर आत्याबाईंच्या पायांकडं. मग नजर कुठं ठेवावी हे त्यांना सुचेना, ती त्यांनी चुलीवर ठेवली.

यजमानांनी पोत्याच्या तळातून दोन भाजक्या विटा काढल्या. "त्यानं दिल्या. म्हणाला, जाळात ठेवा, फडक्यात गुंडाळा, रात्र निघते."

मी चूल पेटवली. कोरडी चूल, पहिल्या काडीला धरली. आम्ही भोगी जेवलो तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि विस्तवाच्या कडेला दोन विटा तापत होत्या. एक धोटीसाठी मांडलेल्या खोक्यात गेली, पोत्याखाली. दुसरी फडक्यात बांधून मी आत्याबाईंच्या गुडघ्यांशी ठेवली. त्यांनी डोळे मिटले. "बाई गं," एवढंच म्हणाल्या.

खोकं चुलीच्या शेजारीच ठेवल्यावर धोटी चुलीत जायची थांबली. मामंजींचा तांब्या देवघराबाहेर परत दिसला नाही. ताणा त्यांनी धाग्याला धागा लावत सांधला, उठताबसता कण्हत. पण माझं चुकलं, हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. मीही नाही, आत्याबाईंनीही नाही.

संक्रांत उलटून गेल्यावर एका दुपारी ते सुताराला घेऊन आले. माळ्याला शिडी होती ती काढायला लावली आणि रुंद, बसक्या लाकडी पायऱ्या बसवून घेतल्या. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "मांजरीसाठी आहेत. डॉक्टरनं सांगितलंय. तिला उडी झेपत नाही."

सुतार वरच्या पायरीपाशी खिळे ठोकत होता. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना त्यानं गुळगुळीत तासलेला, हाताच्या मुठीत बसेल असा लाकडी कठडा लावला.

मी पदर खोचून खाली उभी होते. म्हटलं, "मामंजी, मांजरीला कठडा कशाला लागतो?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "खिळे जपून," सुताराला म्हणाले. "हाताला लागायला नकोत."

आत्याबाई रहाटावरून उठल्या. एक हात कठड्यावर ठेवला, मग दुसरा. पहिल्या पायरीवर पाय टाकला. त्यांच्या आधी धोटी एकेक पायरी चढून माळ्यावर जाऊन बसली होती, आणि वरून त्यांची वाट बघत होती. मामंजी खालून मांजरीला म्हणत होते, "सावकाश. सावकाश चढ."